आधी कुणाचा स्वेटर?

सप्टेंबरचा शेवटचा शनिवार. सकाळचे आठ. मांडीवर अर्धी बाही आणि समोर टेकवलेल्या फोनमध्ये नाशिकचे बाबा. त्यांच्याकडे संध्याकाळ, हातात चहाचा कप. नेहमीच्या गप्पा चालल्या होत्या: पाणी आलं का, गुडघा कसा आहे, शेजारच्यांचं कुत्रं अजून भुंकतं का. मध्येच ते स्क्रीनच्या जवळ आले आणि म्हणाले, "माझाच ना गं तो?"

मी "हो" म्हणून गेले.

तो त्यांचा नव्हता. दोघांची लोकर राखाडी, एवढंच साम्य. त्यांचा हाफ स्वेटर दीड वर्षापासून कपाटात एका कापडी पिशवीत पडलेला होता. पाठ पूर्ण, पुढचा भाग चार बोटं. क्षणभराने बाबा म्हणाले, "हाफ स्वेटरला बाही?" आता मागे फिरायची संधी होती. मी म्हटलं, "थंडी असते ना तिकडे. फुलच करतेय." ते खूश झाले.

मांडीवरचा स्वेटर माझा होता आणि त्याला तारीख होती.

तुमच्यापैकी जे विणत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला शंभरेक मैलांवर, हडसन नदीजवळ ऱ्हाइनबेक नावाचं गाव आहे. तिथल्या जत्रेच्या मैदानावर दर ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी न्यूयॉर्क राज्याचा 'शीप अँड वूल फेस्टिव्हल' भरतो. मेंढ्या, अल्पाका, अंगोरा ससे, राखणीच्या कुत्र्यांची कामं, लामांच्या उंच उड्यांची स्पर्धा, कातरलेली अख्खी लोकर, हाताने रंगवलेल्या लड्या आणि तळलेल्या आर्टिचोकसाठी लागलेली न संपणारी रांग. या जत्रेला नवा, स्वतः विणलेला स्वेटर घालून जायचं असा विणणाऱ्यांचा रिवाजच पडलाय. त्याला नावही आहे: 'ऱ्हाइनबेक स्वेटर'. तो कुणी सक्तीचा केलेला नाही. तरी ऑगस्टपासून माणसं कॅलेंडरकडे बघत विणायला लागतात आणि ऑक्टोबरात रात्री जागतात.

हिशोबच सांगते. माझ्या मापाला घेरात 180 टाके. काखेखालचं अंग 84 फेऱ्यांचं, म्हणजे पंधरा हजारांवर टाके. दोन बाह्या मिळून तेरा हजारांच्या आसपास. गळ्याभोवतीची दोन रंगांची नक्षी धरली की एकूण सदतीस-अडतीस हजार. मिनिटाला वीस टाके पडले तरी तीस तासांच्या वर, आणि नक्षीत वीस कुठले पडायला! त्यात बाह्या म्हणजे निव्वळ कंटाळा. विणणारे त्याला 'बाहीचं बेट' म्हणतात: एकदा अडकलात की किनारा दिसत नाही. शेवटी धुऊन, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढून, सपाट पसरून टाचण्या लावून वाळवायला दोन दिवस. हवा दमट असली तर तीन.

थोडक्यात, शनिवारी ऱ्हाइनबेकला पोचायचं तर मंगळवारी रात्री शेवटचा टाका बंद व्हायला हवा. मी सोमवारीच बंद केला. ज्यांना मी ओळखतही नाही अशा लोकांसाठी एक दिवस आधी. ज्यांना शब्द दिला होता त्यांना दीड वर्ष उशीर.

का?

पहिलं उत्तर सोपं: मिरवायची हौस. पण ते पुरतं खरं नाही. बाबांना स्वेटर उबदार आहे की नाही एवढंच कळणार. काखेतली जोडणी बेमालूम झालीय, रंग बदलताना मागचे धागे कुठेही ताणलेले नाहीत, हे त्यांना दिसणार नाही. ऱ्हाइनबेकला दिसतं. अनोळखी बाई तुम्हाला थांबवते, परवानगी घेऊन स्वेटरचा काठ उलटून आतली बाजू बघते आणि नुसती मान हलवते. ज्याला त्या कामातली अडचण माहीत आहे त्याने ते पाहावं ही इच्छा मला हलकी वाटत नाही. गाणाऱ्याला जाणकार श्रोता हवा असतो, त्याला आपण कुठे नावं ठेवतो? माझी मावशी हळदीकुंकवाला नवीन क्रोशाचा रुमाल ताटावर टाकून न्यायची, तेही हेच होतं.

दुसरं उत्तर जरा विद्वान आहे. ॲरिस्टॉटलने कृतींचे दोन प्रकार केले. काहींचा शेवट त्यांच्या बाहेर असतो: घर बांधताना घर झालेलं नसतं, आणि झालं की बांधणं संपतं. काही मात्र दर क्षणी पुऱ्याच असतात: आपण बघतो तेव्हाच आपलं बघून झालेलंही असतं. विणणं हे दोन्ही आहे, म्हणून तर वेड लावतं. बघा, स्वेटर हे घर आहे, पण टाक्यामागून टाका घेताना डोकं जे शांत होतं ते कुठल्याही टाक्यापाशी पुरं असतं. मग मी स्वतःला समजावलं, मला विणण्यातच आनंद आहे, कुठला स्वेटर आधी पुरा झाला याला काय महत्त्व!

हे मला दोन दिवस पटलं. मग लक्षात आलं की आनंद जर टाक्यात असेल तर तो बाबांच्या टाक्यातही असायला हवा होता. मी तो उचलला नाही, कारण तो साधा होता. राखाडी, सुलट-उलट, नक्षी नाही, टाळी नाही.

अशा वेळी निष्काम कर्मयोग बाहेर काढायची आपल्याकडे पद्धत आहे. पण फळाची आशा सोडली तरी कुणाचं काम आधी, हा प्रश्न उरतोच.

तिसरं उत्तर मैत्रिणीने दिलं आणि ते ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, तुला तो संपवायचाच नाहीये. तो अपुरा आहे तोवर बाबांना पुढचा हिवाळा आहे. तिने पेनेलोपीचं उदाहरणही दिलं. होमरच्या 'ओडिसी'तली ही राणी सासऱ्यासाठी कफन विणायला घेते आणि ते पुरं झालं की लग्न करीन असं मागणी घालणाऱ्यांना सांगते. दिवसा विणते, रात्री उसवते. तीन वर्षं.

फार सुंदर आहे हे. म्हणूनच मला त्याचा संशय येतो. पेनेलोपी रोज रात्री जागून, दिव्याच्या उजेडात उसवत होती. अपुरं ठेवण्यासाठी तिला पुरं करण्याइतकेच कष्ट पडत होते. माझी पिशवी नुसती कपाटात होती. आळसाला प्रेमाचं नाव मिळालं की किती बरं वाटतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मग उरतं काय? उरतं एवढंच की बाबांनी कधी विचारलं नव्हतं. जत्रा दर वर्षी येऊन उभी राहते. ऑफिसचं काम ईमेल पाठवून मागे लागतं. बाबा मात्र डिसेंबरात पहाटे पारा दहाच्या खाली गेला तरी जुना, कोपरावर विरलेला स्वेटर आणि माकडटोपी घालून फिरायला जातात आणि फोनवर म्हणतात, "सावकाश कर, घाई नाही." त्यांचं 'घाई नाही' मी शब्दशः घेतलं. सोयीचं होतं. आणि त्यांनी दीड वर्षात पहिल्यांदा विचारलं, तेव्हा मी खोटं बोलले.

ऱ्हाइनबेकला गेले. त्या दुपारी ऊन चांगलंच होतं. हजारो माणसं लोकरीत घामाघूम होऊन हसत हिंडत होती. माझ्या स्वेटरचं तीनदा कौतुक झालं, तिन्ही वेळा मनापासून आनंद झाला. तो नाकारण्यात अर्थ नाही. एका तंबूत जाड, भरड लोकर हातात घेतली आणि एकदम घोंगडीचा स्पर्श आठवला. धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची लोकर अशीच टोचरी. लहानपणी नाशिकच्या घरात एक काळी घोंगडी होती, तिच्यावर झोपायचे बाबा. कुणी विणली होती ती, कुणासाठी, किती दिवसांत? आमच्या घरात कुणी कधी विचारलं नाही.

येताना गाडीत मागच्या सीटवर बसून मी पिशवी उघडली. मैत्रीण गाडी चालवत होती. सुईवरचे टाके दीड वर्षं तसेच बसून राहिल्याने त्या फेरीवर एक आडवी खूण पडली होती. धुतल्यावर जाते ती, बहुतेक. जाईपर्यंत दिसणार.

पुढच्या शनिवारी फोन लावला. आधी पाणी, गुडघा, कुत्रं. मग म्हटलं, "बाबा, त्या दिवशी विणत होते ना, तो माझा होता. तुमचा तसाच पडला होता. मी खोटं बोलले."

"माहीत होतं," ते म्हणाले. "बाजूला वहीत चित्र उघडं होतं, गळ्याला फुलं असलेलं. मी कुठे घालणार फुलं?"

मला काय बोलावं सुचेना. त्यांनीच कप खाली ठेवला.

"पण बाह्या करणार म्हणालीस ना? त्या मात्र कर."

मी काखेच्या कडेने टाके मोजायला घेतले. हाफ स्वेटरची काख खोल असते. ती आता उसवावी लागणार.