आधी बघ, मग काप

एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची मुलं डिसेक्शन हॉलमध्ये प्रथमच आली, तेव्हा सगळ्यांनी पांढऱ्या चादरींसमोर हात जोडून शपथ घेतली. या देहांचा मान राखू, त्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे उपकार विसरणार नाही. फुलंही वाहिली. फॉर्मालिनने सगळ्यांचेच डोळे चुरचुरत होते, त्यामुळे खरोखर कुणाला भरून आलंय ते कळत नव्हतं.

महिन्याभरात हॉलचा रंग पालटला. चौथ्या टेबलावर लातूरची एक मुलगी होती. हुशार आणि हाताने धीट. तिने समोरच्या देहाला एक टोपणनाव ठेवलं, मग त्या नावावरून रोज थट्टा चाले. स्काल्पेल कायम तिच्याच हातात. त्याच टेबलावर चिपळूणचा एक मुलगा होता. त्याचे आजोबा नुकतेच गेले होते. चादर दूर झाली की तो पायांकडे जाऊन उभा राही, कनिंगहॅमचं डिसेक्शनचं पुस्तक वाचून दाखवी आणि जर्नलमधल्या आकृत्या अ‍ॅटलासवरून उतरवून काढी. देहाला हात न लावणं हाच त्याच्या लेखी मान होता.

एके दिवशी कोपराची पुढची बाजू उलगडायची होती. कातडी उचलून झाली. चरबी आणि वरवरच्या शिरा काढून टाकताना मुलीने एक दोरीसारखी नळी कात्रीने कापली. नेमक्या तेव्हाच मॅडम टेबलाशी आल्या.

“काय कापलंस?”

“शीर, मॅडम. धमनी इतक्या वर नसते.”

“बोटांत धरून बघ.”

तिने धरलं. भिंत जाड होती, शिरेसारखी चपटी होत नव्हती. मॅडम मुलाला म्हणाल्या, “इकडे ये. हिचं वरचं टोक कुठे जातं ते तू शोध.”

त्याने पहिल्यांदा त्या हाताला हात लावला. चिमट्याने पदर बाजूला करत तो दंडात वरपर्यंत गेला. ती अल्नर धमनीच होती. मुख्य धमनीपासून दंडातच फुटून ती कातडीखालून मनगटाकडे निघाली होती.

“फार थोड्या माणसांत ती अशी जाते,” मॅडम म्हणाल्या. “उद्या वॉर्डात अशाच हातात शीर समजून इंजेक्शन दिलंस, तर काही औषधांनी बोटं काळी पडतात, कधी हातही गमवावा लागतो. टोचण्याआधी बोट ठेवून ठोका लागतो का बघायचं, हे यांचा हात तुला शिकवणार होता. तू बघायच्या आधीच कापलंस.” मग त्या मुलाकडे वळल्या. “आणि तू तर इतके दिवस यांच्याकडे पाहिलंच नाहीस.”

दोघांच्याही माना खाली गेल्या. थोड्या वेळाने मुलीने विचारलं, “मॅडम, मग मान राखायचा म्हणजे नेमकं काय करायचं?”

मॅडमनी हॉलच्या मामांकडे बोट केलं. मामा टेबलावरचे चरबीचे, कातडीचे तुकडे वेचून ‘४’ आकडा लिहिलेल्या बादलीत टाकत होते.

“मामा, प्रत्येक टेबलाची बादली वेगळी कशाला?” मुलाने विचारलं.

“चारचं चारबरोबरच जायला पाहिजे ना! शेवटी अंत्यविधी होतो, तेव्हा माणूस पुरा जायला हवा. यांचा मुलगा रात्रीच गाडी करून यांना घेऊन आला होता. अस्थी मिळणार नाहीत, तर विसर्जन कशाचं करू, असं मला विचारत होता.” मग पलीकडच्या टेबलाकडे पाहत ते म्हणाले, “त्या पाचवरच्या बाईंसाठी तर कुणी आलंच नाही.”

मॅडम म्हणाल्या, “यांनी जिवंतपणी देहदानाचा फॉर्म भरला होता. त्या बाई बेवारस म्हणून १९४९ च्या अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्टप्रमाणे आपल्याकडे आल्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांचं ऋण तर जास्तच आहे. सुश्रुताने काय सांगितलंय? देह गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावा, मग वाळ्याच्या नाहीतर बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासत एकेक भाग डोळ्यांनी पाहावा. त्याच्याकडे फॉर्मालिन नव्हतं, पण घाईही नव्हती.”

त्यानंतर चौथ्या टेबलावर ते टोपणनाव पुन्हा ऐकू आलं नाही. मुलगी कुठल्याही नळीची दोन्ही टोकं सापडल्याशिवाय कात्री उचलेना. मुलगा पायांकडून सरकून खांद्याशी आला आणि आकृत्या समोरच्या हातावरून काढू लागला. पाचव्या टेबलावरची मुलं कधी गंमत करू लागली, तर तीच दोघं त्यांना थांबवत.

तात्पर्य : थट्टा करणारा आणि भिऊन दूर राहणारा, दोघंही समोरच्या माणसाला पाहत नाहीत. पहिल्या दिवशी वाहिलेलं फूल संध्याकाळपर्यंत सुकतं. वर्षभर टिकतो तो लक्ष देऊन केलेल्या कामातला मान, आणि पुढे वॉर्डातल्या रुग्णाच्या उपयोगी पडतो तोही तोच. म्हणून पहिल्या वर्षाच्या मुलामुलींनो, ज्याने देह दिला त्याच्यासाठी आणि ज्याला कुणी विचारलंच नाही त्याच्यासाठीही, आधी नीट बघा, मगच कापा.