क्रूझचें सुख आणि त्याची किंमत

सुख विकत घ्यावें कीं न घ्यावें, हा प्रश्न आपल्या मध्यमवर्गास पूर्वीं फारसा पडत नसे. कारण विकत घेण्याजोगें सुख त्याच्या आटोक्यांतच नव्हतें. सुटी म्हणजे कोंकणांतील घर, फार तर मामाचा गांव. आणि प्रवास म्हणजे पंढरपूर किंवा काशी. आज मिरा-भाईंदरसारख्या शहरांतील नोकरदार कुटुंब चार पैसे शिल्लक टाकून तीन-चार दिवसांची समुद्रसफर ठरवूं शकतें आणि मुंबईच्या धक्क्यावर जहाजांत चढून गोव्यास किंवा लक्षद्वीपास जाऊन येऊं शकतें. अशा सफरी मुंबईहून होत असतात. आम्हीं देशांत व देशाबाहेर आठ-दहा वेळां असा प्रवास केला असल्यामुळें आप्तेष्ट, शेजारी व जुने विद्यार्थी आमच्याकडे सल्ला विचारावयास येतात. सल्ला असतो व्यवहाराचा. परंतु तो देतां देतां आमच्या ध्यानांत असें आलें कीं, त्याच्या मुळाशीं एक नीतीचा प्रश्न दडलेला आहे. त्या प्रश्नाचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

निव्वळ मौजेसाठीं समुद्रावर जाणें ही कल्पना आपल्याकडे नवीन आहे. धर्मशास्त्रांत समुद्रगमनाचा निषेध होता. तो मोडून जीं माणसें गेलीं, त्यांच्यापाशीं कांहीं तरी मोठें प्रयोजन होतें. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून निघाल्या त्या वैद्यकविद्येसाठीं. कोंकणच्या आगबोटींत बसणारा मनुष्य घरीं जावयासाठीं बसे. समुद्र हा त्याचा रस्ता होता, आणि तो रस्ता केव्हां केव्हां जीवही घेई. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसें गेलीं, ती आठवण त्या किनाऱ्यावर अद्याप पुसलेली नाहीं. याच्या उलट क्रूझचा जन्मच रिकामपणांतून झाला. हिवाळ्यांत अटलांटिक ओलांडणारे उतारू कमी होत आणि मोठालीं जहाजें बंदरांत पडून राहत. म्हणून १८९१ सालीं आल्बर्ट बालिन या जर्मन व्यवस्थापकानें ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ ही आगबोट भूमध्य समुद्रांत केवळ सहलीसाठीं नेली. पुढें विमानांनीं महासागर ओलांडण्याचें काम जहाजांकडून काढून घेतलें, तेव्हां हा रिकामपणाचा धंदाच मुख्य झाला. आतां कोठें तरी पोंचण्यासाठीं जहाज, असें न राहतां जहाज हेंच पोंचण्याचें ठिकाण झालें.

एवढ्यावरून क्रूझ म्हणजे ऐदीपणा, असा निकाल देणारे गृहस्थ आम्हांस भेटतात. तो निकाल आम्हांस मान्य नाहीं. वर्षभर लोकलच्या गर्दींत उभें राहून चर्चगेट गांठणाऱ्या माणसानें चार दिवस आरामखुर्चीवर पडून क्षितिजाकडे पाहिलें, तर त्यांत कोणाचा धर्म बुडतो? विश्रांति हा गुन्हा नव्हे. विचार करावयास हवा तो त्या विश्रांतीच्या रचनेचा.

त्या रचनेचें मर्म असें कीं, पैसे एकदांच भरावयाचे आणि मग जेवणखाण, करमणूक, पोहण्याचा हौद यांची किंमत म्हणून कोठें दिसूं द्यावयाची नाहीं. आम्ही जो सल्ला देत असतों तो सारा, नीट पाहिलें तर, ही झांकलेली किंमत उघडी करून पाहण्याचा सल्ला आहे. ज्यास बोट लागते त्यानें जहाजाच्या मध्यभागाची, खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी. जहाज सी-सॉच्या फळीसारखें टोकांस अधिक हलतें, आणि उंचावरची खोली महाग असली तरी हेलकावेही तेथेंच जास्त. मद्य, इंटरनेट व किनाऱ्यावरच्या सहली बहुधा भाड्यांत धरलेल्या नसतात. करारांतील बारीक अक्षरें घरींच वाचावीं. ठरल्या वेळेच्या पुष्कळ आधीं धक्क्यावर पोंचावें. जहाज म्हणजे लोकल नव्हे, कीं एक चुकली तर पुढची दहा मिनिटांत मिळेल. आणि आरंभीं जी आपत्कालीन कवाईत होते ती टाळूं नये. १३ जानेवारी २०१२ रोजीं इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा काँकॉर्डिया’ खडकावर आपटून ३२ माणसें दगावलीं. त्याच सायंकाळीं चढलेल्या शेंकडों उतारूंची कवाईत तोंपर्यंत झालेलीच नव्हती. समुद्र हा हॉटेलच्या खिडकींतला देखावा नव्हे, याचें स्मरण देणारा सबंध सफरींतील हा एकच अर्धा तास, आणि तोच लोकांस कंटाळवाणा वाटतो!

पण सर्वांत कठीण परीक्षा होते ती जेवणाच्या दालनांत. हवें तितकें घ्या, पुन्हा घ्या, अशी मोकळीक मिळाली कीं भल्या माणसांचीं ताटें डोंगरासारखीं भरतात आणि अर्धीं तशींच टाकून दिलीं जातात. घरीं हींच माणसें भाताचें शीत वायां जाऊं देत नाहींत. मग येथें काय होतें? ‘पैसे दिले आहेत’ हें एक वाक्य मनांतील सारे चौकीदार रजेवर पाठवितें. जेथें बाहेरची किंमत नाहींशी होते तेथें मर्यादा आंतूनच यावी लागते. आणि ती येत नसेल, तर आजवर ज्यास आपण संयम म्हणत होतों तो केवळ खिशाचा धाक होता, असें कबूल करावें लागेल. टाकलेलें अन्न कोठें जातें, हेंही उतारू विचारीत नाहीं. आंतरराष्ट्रीय नियमांनीं प्लॅस्टिक समुद्रांत टाकण्यास पूर्ण बंदी आहे. अन्नाचा चुरा मात्र किनाऱ्यापासून ठराविक अंतरावर सोडतां येतो. ज्या समुद्रांत आमच्या उत्तनचे कोळी दिवसचे दिवस जाळें टाकून बसतात, तोच हा समुद्र.

दुसरी झांकलेली किंमत माणसांची. २०२४ सालीं निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या नौकेवर अधिकांत अधिक ७,६०० उतारूंसाठीं २,३५० नोकरमाणसें असतात. पण त्यांच्या राहण्याच्या जागा, जिने व वाटा उतारूंच्या दृष्टीस पडूं नयेत अशीच अशा नौकांची बांधणी असते. बहुतेक मोठ्या क्रूझ-नौकांची नोंदणी बहामा, पनामा अशा देशांत होते, त्यामुळें उतारूंच्या देशांतील किमान वेतनाचे कायदे त्यांवर चालत नाहींत. २०१३ पासून अमलांत असलेला जागतिक सागरी कामगार करार दिवसाकाठीं निदान दहा तासांच्या विश्रांतीची हमी देतो. याचाच दुसरा अर्थ, उरलेले चौदा तास कामाचे असूं शकतात. २०२० च्या फेब्रुवारींत कोरोनाच्या सांथींत ‘डायमंड प्रिन्सेस’ हें जहाज योकोहामा बंदरांत अडकलें, तेव्हां त्यावर १३८ भारतीय होते. त्यांपैकीं १३२ नोकरीवर आणि उतारू अवघे सहा! उतारूंस खोल्यांत बंद करून ठेवलें होतें, आणि त्यांच्या दारापर्यंत जेवण पोंचविणारे हात या नोकरवर्गाचे होते. क्रूझच्या जगांत आपला देश अद्याप कोणत्या बाजूस अधिक उभा आहे, तें या आंकड्यांवरून दिसेल.

आतां एक नेहमींचा प्रकार सांगतों. अनेक जहाजांवर दर माणशीं दर दिवसाची बक्षिसी बिलांत आपोआप मांडलेली असते. शेवटच्या दिवशीं कांहीं उतारू खिडकीपाशीं जाऊन ती काढून टाकावयास लावतात, आणि घरीं आल्यावर ही गोष्ट हुशारी म्हणून चारचौघांत सांगतात. त्यांत आमचे देशबांधवही असतात, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. त्यांचा युक्तिवाद असा कीं, नोकरास पगार देणें हें मालकाचें काम. युक्तिवाद तत्त्वतः बरोबर आहे. आम्हीही म्हणतों कीं मालकानें पुरा पगार द्यावा. परंतु अन्यायाचा बोजा आपण दाखवून द्यावा तो अन्याय करणाऱ्यावर, सोसणाऱ्यावर नव्हे. आपली चादर रोज नीट घालणाऱ्या मुलाच्या ताटांतले चार घांस काढून घेऊन मालकास धडा शिकविला, असें समजणारा गृहस्थ स्वतःचीच फसवणूक करीत असतो.

यावर कोणी म्हणेल, एवढें सारें मनांत आणून प्रवास करावयाचा तर मौज ती काय राहिली? आणि लोक जाईनासे झाले तर त्या नोकरांच्या नोकऱ्या तरी कोठें उरणार? दुसरी शंका खरी आहे, म्हणूनच ‘जाऊं नका’ असें आम्ही म्हणत नाहीं. पहिली मात्र आम्हांस पटत नाहीं. भाईंदर आणि वसई यांच्यामध्यें २०२४ च्या फेब्रुवारीपासून रो-रो बोट चालते. रस्त्यानें अडतीस-एकोणचाळीस किलोमीटरांचा वळसा पडतो तो खाडींतून पाव तासावर येतो. त्या बोटींत दोर सोडणारा, गाड्या लावणारा, सुकाणू धरणारा, सारे समोर दिसतात, आणि त्यामुळें खाडीवरच्या वाऱ्याची गोडी तिळभरही कमी होत नाहीं. लग्नाच्या पंगतींत आचाऱ्याचें नांव विचारल्यानें जिलबी कडू लागत नाहीं. आपल्या सुखामागें कोण उभें आहे हें जाणल्यानें सुख नासत नाहीं; नासतें तें, मागें उभे असलेल्यांस पाहावयाचेंच नाहीं असा हट्ट धरल्यानें.

अर्थात् केवळ पाहिल्यानें कोणाचा पगार वाढत नाहीं, आणि एका उतारूच्या सौजन्यानें जगाची व्यवस्था सुधारत नाहीं, हें आम्ही जाणतों. तें काम कायद्याचें आणि संघटनेचें आहे. परंतु कायदा होण्यास ज्या लोकमताचा आधार लागतो, तें लोकमत पाहणाऱ्या माणसांचेंच बनतें.

तेव्हां सल्ला विचारावयास येणाऱ्यांस आमचें सांगणें इतकेंच: अवश्य जा. लहान ताट घ्या, पुन्हा उठावें लागलें तरी चालेल. खोली आवरणाऱ्याचें नांव पहिल्याच दिवशीं विचारा आणि त्याच्याशीं ‘अहो’ म्हणून बोला. बिलांतील बक्षिसी काढूं नका. जमल्यास निघतांना त्याच्या हातांत वेगळें कांहीं ठेवा. एखादी करमणूक सोडून द्या आणि तासभर कठड्याशीं उभे राहून नुसतें पाणी पाहा. त्या तासाचे पैसे कोणी लावीत नाहीं. आणि इतकें ज्यास जड वाटेल, त्यानें रविवारीं सायंकाळीं उत्तनच्या किनाऱ्यावर जाऊन बसावें. वारा तेथेंही तोच असतो, आणि बसण्यास कांहीं पडत नाहीं.