सांडपाण्याचे ऋण

नरकचतुर्दशीच्या पहाटे घरोघरी अभ्यंगस्नान होते. तेल, उटणे, बंबातले कढत पाणी, पायाखाली चिरडलेले कारीट आणि 'आटप लवकर' म्हणून ओरडणारी आई, या साऱ्यांची वर्णने दिवाळी अंकांतून इतकी झाली आहेत, की त्यांत आणखी एकाची भर घालण्याचे धाडस मी करणार नाही. पण त्या स्नानातली एक गोष्ट आजवर वर्णनाबाहेर राहिली आहे. उटण्याने पिवळसर झालेले ते पाणी मोरीच्या भोकातून गडप होते; ते पुढे जाते कुठे? नरकासुराच्या तावडीतून सुटल्याचा आनंद ज्या दिवशी आपण साजरा करतो, त्याच दिवशी आपला छोटासा नरक आपण कुणाच्या दारी धाडतो? असले प्रश्न सणासुदीला विचारू नयेत म्हणतात. मला मात्र ह्या प्रश्नाला याहून योग्य दिवस दिसत नाही.

सोलापूरचेच उदाहरण घेऊ. पाणी कुठून येते, हे सोलापूरकराला शिकवावे लागत नाही. हिप्परग्याचा एकरुख तलाव, टाकळीची भीमा, उजनीचे धरण ही नावे तिथल्या शाळकरी पोराच्याही तोंडी असतात. मुलूख अवर्षणाचा. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून तळे खोदविले अशी परंपरा आहे, आणि गावाची सारी श्रद्धा त्या तळ्याभोवती उभी राहिली. नळाला रोज पाणी न येता काही दिवसांच्या अंतराने येते, हा अनुभव या शहराने वर्षानुवर्षे घेतला आहे. त्यामुळे 'आज पाणी आहे का?' हा तिथला कुशलप्रश्नच होऊन बसला. गेलेल्या पाण्याची वास्तपुस्त मात्र कोणी करीत नाही. पाणी येते तेव्हा ते आपले असते. जाते तेव्हा ते कुणाचेच नसते. गटार तुंबेपर्यंत गटार म्हणून काही आहे, याचीच आपल्याला दाद नसते.

आता या न दिसणाऱ्या वस्तूचा कारभार कसा चालतो तो पाहा. सोलापूरची नगरपालिका १९६४ साली महानगरपालिका झाली. अप्पासाहेब वारदांनी हौसेने बांधलेल्या इंद्रभुवन नावाच्या वाड्यातून तिचा कारभार पुष्कळ काळ चालत आला. नाव इंद्राचे आणि अर्ज गटाराचे! अर्जाचा रिवाज आपल्याकडील शहरांत साधारण सारखाच असतो. थकबाकी नसल्याचे दाखवा, परवानाधारक प्लंबरकडून काम करून घ्या, जोडणीचे शुल्क भरा, रस्ता खोदणार असाल तर त्याची भरपाई भरा. घरापासून मुख्य नळीपर्यंतचा खर्च घरमालकाचा, मुख्य नळी गावाची. याखेरीज मालमत्ता कराच्या बिलात साफसफाईचा म्हणून एक भाग असतोच.

इथवर सारे एखाद्या दुकानासारखे वाटते. पैसे टाका, माल घ्या. पण महापालिकांचा १९४९ चा अधिनियम जरा लक्ष देऊन वाचला, तर त्यात दुकानाच्या रीतीला न शोभणारी एक गोष्ट सापडते. सार्वजनिक गटाराला आपले सांडपाणी जोडण्याचा हक्क तो घरमालकाला देतो. आणि गटार जवळ असूनही ज्याच्या घराला पाण्याचा नीट निचरा नाही, त्याला ते जोडायला लावण्याचा अधिकार आयुक्तांना देतो. हक्क आणि सक्ती एकाच प्रकरणात शेजारी शेजारी नांदतात. टेलिफोन घेच, अशी सक्ती कुणी कुणावर केल्याचे ऐकिवात नाही. मग गटाराच्या बाबतीतच ही सक्ती का?

याचे उत्तर एका बोळात सापडेल. समजा, साखर पेठेतल्या एका बोळात गोविंदराव आणि व्यंकय्या समोरासमोर राहतात. गोविंदराव निवृत्त कारकून. बिल येताच रांगेत उभे राहून भरणारे. व्यंकय्यांचा माग सहा महिने बंद आहे. बिल थकले आहे. महापालिकेने व्यंकय्यांचा नळ तोडला, तर तहानेने त्यांचे घर कासावीस होईल. ते योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. पण शिक्षा निदान ज्याची त्याला झाली. आता त्यांचे गटार तोडून पाहा. व्यंकय्यांच्या घरातले पाणी तर निघायचे थांबत नाही. ते उंबऱ्याबाहेर येईल, बोळातून वाहील आणि गोविंदरावांच्या पायरीशी डबके करील. डास व्यंकय्यांच्या पावतीची चौकशी न करता गोविंदरावांच्या नातवाला चावतील. थकबाकी एकाची, ताप दुसऱ्याला!

म्हणजे नळ आणि गटार या एकाच पाण्याच्या दोन टोकांना दोन निराळे नीतिनियम लागू आहेत. नळाचे पाणी मी माझ्यासाठी घेतो. गटाराची जोड मात्र मी माझ्या नावावर घेतली, तरी तिचा खरा लाभ शेजाऱ्याला होतो. आणि माझा लाभ शेजाऱ्याच्या जोडणीत असतो. मी भरतो ते त्याच्या आरोग्यासाठी, तो भरतो ते माझ्या. अशा देण्याला किंमत हा शब्द पुरत नाही. आपल्या पूर्वजांनी देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे सांगितली. त्या यादीत शेजारऋण घालायचे बहुधा राहून गेले. कदाचित तेव्हाची गावे विरळ होती आणि मोरीचे पाणी परसातल्या केळीला पुरून उरत नव्हते म्हणून. माणसे दाटीने राहू लागली त्या दिवशी हे चौथे ऋण जन्माला आले.

यावर गोविंदराव रागावतील, आणि त्यांचा राग खोटा नाही. 'मी भरायचे आणि त्याने फुकट वापरायचे, हा कुठला न्याय?' पंप विजेवर चालतात, नळ्या झिजतात, माणसांना पगार द्यावा लागतो. ऋण ऋण म्हणून जप केल्याने गटार वाहत नाही. हे सारे कबूल. पण चुकारपणा आणि असमर्थता यांत फरक करणे हेच तर कारभाराचे मुख्य काम आहे. बंगला बांधून कर बुडवणाऱ्याला सोडू नये. माग थांबलेल्याला मुदत द्यावी, हप्ते द्यावेत. साफसफाईचा कर घराच्या करपात्र मूल्यावर बसवण्यात हाच विचार आहे. मोठ्या घराचा सांडपाण्याचा पाट लहान घराच्या दसपट असतोच असे नाही, तरी मोठे घर अधिक भरते. कारण सारे गाव निरोगी राहिले तर त्याच्यापाशी वाचण्यासारखे अधिक आहे.

पूर्वी जकात होती. नाक्यावर गाड्या अडत, आणि चहा-साखरेच्या किमतीत मिसळून तो कर प्रत्येकाच्या खिशातून नकळत जाई. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही २०१५ साली बहुतेक व्यापाऱ्यांपुरता उठला आणि २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. नाके गेले याचे दुःख कुणाला नाही. पण गावाचा खर्च गावाने उचलायचा म्हटले, की आता घरपट्टी आणि शुल्के अशी डोळ्यांना दिसणारी देणीच बव्हंशी उरली. न दिसणारा कर आपण निमूटपणे देत होतो, दिसणाऱ्यावर चिडतो. कर दिसू लागला हे मात्र चांगलेच झाले. जे देणे दिसते, त्याचाच हिशेब मागता येतो.

आणि हिशेब मागण्याजोग्या गोष्टी आहेत. १९९२ च्या हद्दवाढीने सोलापूरचे क्षेत्र सुमारे ३३ चौरस किलोमीटरांवरून एकदम १७८ च्या घरात गेले. नकाशावर रेघ ओढायला एक दिवस पुरतो. जमिनीखाली नळी घालायला पिढी लागते. त्यामुळे अनेक वस्त्यांना कराची बिले आधी पोचली आणि भुयारी गटार मागाहून. काहींना फारच मागाहून. शिवाय खोदाईचा खर्च माणसाची ऐपत पाहून ठरत नाही, रस्त्याची लांबी पाहून ठरतो. जो गरीब म्हणून कडेला राहायला गेला, तो नळीपासून दूर. आणि दूर म्हणून त्याचा खर्च जास्त. गावाने ज्याला कडेला ढकलले, त्याच्याकडूनच अंतराचे पैसे घ्यावेत काय? शेजारऋणाचा हिशेब मांडला, तर ते अंतर गावाने आपल्या खाती लिहिले पाहिजे.

पैशाविषयी रोमन लोकांत एक गोष्ट प्रसिद्ध आहे. व्हेस्पेशियन बादशहाने सार्वजनिक मुताऱ्यांतून गोळा होणाऱ्या मूत्रावर कर बसवला. कापड धुणारे कारागीर ते विकत नेत. हा कर मुलाला ओंगळ वाटला, तेव्हा बापाने त्या करातले नाणे त्याच्या नाकाशी धरून, याला वास येतो का, असे विचारले. कापडाच्या गावी ही गोष्ट सांगायला हरकत नाही! बादशहाचे म्हणणे पैशापुरते खरेच होते. पण वास नाण्याला चिकटत नसला, तरी काम करणाऱ्याच्या हाताला चिकटतो, आणि आपल्या देशात तो हातावरून जातीला चिकटला.

लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणतो, तिला हळदकुंकू वाहतो, लक्ष्मी म्हणतो. केरसुणी लक्ष्मी, पण ती धरणाऱ्या हाताला आपण शतकानुशतके उंबऱ्याबाहेर ठेवले. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी, जन्माने ब्राह्मण असूनही, मैलासफाईचे काम मला करू द्या म्हणून आग्रह धरला. सरकारने ते नाकारले, तेव्हा त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनी येरवड्यात उपवास आरंभला. १९४९ मध्ये मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी बर्वे समिती नेमली. माणसाकडून मैला उचलवून घेण्याला बंदी करणारे कायदे १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली झाले. तरीही माणसे गटारात उतरत राहिली आणि गुदमरून मरत राहिली. १९९३ पासून अशा रीतीने मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले. २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख केली. रक्कम वाढवावी लागली यातच सारे आले. चेंबर तुंबले की आपण 'कुणाला तरी पाठवा' म्हणतो. तो 'कुणीतरी' कोण, आणि तो यंत्र घेऊन येतो की नुसती दोरी घेऊन, हे विचारण्याचे आपण टाळतो. कुठल्याही शुल्काची पावती या ऋणातून आपल्याला मोकळे करीत नाही.

अशा संस्थांना मराठीत फार सुंदर नाव आहे: स्थानिक स्वराज्य संस्था. स्वराज्य या शब्दाची किंमत सोलापुराइतकी थोड्याच गावांनी मोजली असेल. ६ एप्रिल १९३० रोजी इथल्या नगरपालिकेने आपल्या इमारतीवर तिरंगा चढवला. पुढच्याच महिन्यात गावावर लष्करी कायदा आला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे चौघे फासावर गेले. ज्या संस्थेने तो ध्वज चढवला, गावाच्या गटारांचा कारभारही तिच्याकडेच होता. ध्वज आपल्या लक्षात राहिला, नळी विसरलो. पण स्वराज्याची रोजची परीक्षा नळीशी होते. मार्च २०२२ मध्ये सोलापूरच्या सभागृहाची मुदत संपली, आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ निवडून आलेल्या प्रतिनिधींवाचून, प्रशासकाच्या हातून कारभार चालला. प्रशासक कार्यक्षम असू शकतो. बिलेही जातात, पंपही चालतात. पण तुंबलेल्या गटाराबद्दल ज्याला रस्त्यात अडवून जाब विचारावा, असा आपल्या वॉर्डातला माणूस नाहीसा होतो. मत मागायला पुन्हा दारात येणाऱ्या माणसाला जे ऐकून घ्यावे लागते, ते बदली होऊन जाणाऱ्याला लागत नाही.

तरीही एक देणेकरी असा उरतो, ज्याला ना मत आहे ना तक्रारवही. सोलापूरचे सांडपाणी, शुद्ध झालेले आणि न झालेले, नाल्यांवाटे अखेर सीनेच्या खोऱ्यात उतरते. सीना दक्षिणेला हत्तरसंग कुडलपाशी भीमेला मिळते, आणि भीमा पुढे कर्नाटकात जाते. त्या काठावरच्या गावांनी सोलापूरच्या महापालिकेला कधी अर्ज केला नाही, शुल्क भरले नाही. आपण पाठवले ते त्यांनी घेतले. त्याच कुडलच्या संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा, शिलालेख आहे. मराठीतल्या अगदी आरंभीच्या लेखांत त्याची गणना होते. तो वाचणाऱ्याचा विजय चिंतितो. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी, ज्याला आपण कधीच दिसणार नव्हतो, आपले भले चिंतून गेला. आणि आपण त्याच्या दारावरून वाहत जाणाऱ्या पाण्यात काय सोडतो?

या दिवाळीनंतर घरपट्टीचे बिल येईल, तेव्हा रक्कम पाहून कपाळाला आठ्या पडतील, पडू द्याव्यात. मग ते एकदा सावकाश वाचावे. त्यातल्या साफसफाईच्या रकान्यात समोरच्या घरचा नातू आहे, चेंबरच्या झाकणाशी उभा असलेला माणूस आहे आणि सीनेच्या काठी घागर बुडवणारी एक अनोळखी बाई आहे. त्यांच्यासाठी पैसे भरावेत, आणि भरले म्हणून हिशेबही मागावा.