दयेला नियम कशाला?

भुकेल्याला अन्न द्यावे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. ते कसे द्यावे, यावर मात्र आमच्या धर्मग्रामातील संत विन्सेंट डी पॉल संस्थेच्या बैठकीत एका संध्याकाळी वाद पेटला आणि तो पुढे दोन महिने पुरला. निमित्त एका आजींचे होते. ती हकीकत पुढे येईलच. परंतु त्या वादाच्या ओघात आमच्यातील एका तरुण सभासदाने जो प्रश्न विचारला, तो अजून आमची पाठ सोडत नाही. तो म्हणाला, ‘‘दया ही अंतःकरणाची गोष्ट. तिला अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, वह्या आणि नियम हवेतच कशाला? ज्याला द्यावेसे वाटते त्याने द्यावे.’’ वडीलधारी मंडळी हसली. आम्हीही हसलो. घरी परतताना मात्र वाटले, की यात हसण्यासारखे काही नव्हते.

या प्रश्नाचे एक फार जुने उत्तर फ्रान्समधील शातियों या गावी सापडते. १६१७ सालचा ऑगस्ट महिना होता. छत्तीस वर्षांचे फादर विन्सेंट डी पॉल तेथे नुकतेच धर्मगुरू म्हणून आले होते. रविवारच्या मिस्साला उभे राहण्यापूर्वी त्यांना निरोप मिळाला, की गावाबाहेरच्या एका घरातील सारी माणसे आजारी पडली असून त्यांची शुश्रूषा करायला कोणी उरलेले नाही. त्यांनी प्रवचनात ती व्यथा लोकांपुढे मांडली. दुपारनंतर ते स्वतः त्या घराकडे निघाले, तो काय, रस्त्यात बायकांची रीघ लागलेली! कोणी अन्न घेऊन जात आहे, कोणी देऊन परतत आहे, कोणी उन्हाने थकून वाटेत टेकली आहे. त्या घरात अन्न इतके साठले, की ते संपण्याआधी नासणार हे उघड होते. आणि चार दिवसांनी तीच चूल पुन्हा थंड राहणार, हेही तितकेच उघड होते.

दुसरा एखादा धर्मगुरू आपल्या प्रवचनाचा हा परिणाम पाहून कृतार्थ झाला असता. (आम्ही नक्कीच झालो असतो.) विन्सेंट यांना मात्र त्या रस्त्यावर उणीव दिसली. दया भरपूर होती. तिची घडी बसलेली नव्हती. काही दिवसांतच त्यांनी गावातील स्त्रियांना एकत्र केले, एकेकीने एकेका दिवसाची जबाबदारी घ्यावी असे ठरवले, आणि वर्ष संपण्यापूर्वी त्या भगिनीमंडळाला लेखी नियमावली दिली.

ती नियमावली वाचणाऱ्याला प्रथम नवलच वाटते. तीत पैशाचा हिशेब आहे, पदाधिकारी आहेत, बैठका आहेत; पण नियमकर्त्याचे मन खरे रमले आहे ते रुग्णाला जेवण कसे द्यावे याच्या वर्णनात. अन्न घेऊन गेलेल्या बाईने रुग्णाला हसतमुखाने अभिवादन करावे. त्याच्या पलंगावर लहानसे मेज ठेवावे, त्यावर स्वच्छ कापड घालावे, पेला आणि चमचा मांडावा, त्याचे हात धुवावेत, मग प्रार्थना म्हणावी. त्याला प्रेमाने जेवायचा आग्रह करावा. आणि सर्वांत सुंदर तपशील असा, की ज्या रुग्णाजवळ घरचे कोणी आहे त्याच्याकडे आधी जावे आणि जो एकटा आहे त्याच्याकडे सर्वांत शेवटी, म्हणजे त्याच्यापाशी अधिक वेळ बसता येईल. चारशे वर्षांपूर्वीच्या एका खेड्यातील नियम हा! एकट्या माणसाला अन्नाइतकीच सोबतीची भूक असते, हे ज्याने जाणले त्याने ते उपदेशात सांगून सोडून दिले नाही, फेरीच्या क्रमातच बसवून टाकले. आमच्या तरुण मित्राला आम्ही प्रथम हेच सांगितले असते. मनात येते तेव्हा द्यायचे, तर ज्याच्या घरी जावेसे वाटते त्याच्याच घरी आपण जाणार. कटकट्या म्हाताऱ्याकडे, दुर्गंधी येणाऱ्या खोलीकडे पावले आपणहून वळत नाहीत. तेथे नियमाने न्यावे लागते.

विन्सेंट यांचे नाव लावणारी आमची संस्था मात्र त्यांनी स्थापलेली नाही, ही गोष्ट आपल्या धर्मग्रामातील पुष्कळांना ठाऊक नसते. ती त्यांच्या मृत्यूनंतर पावणेदोनशे वर्षांनी, २३ एप्रिल १८३३ रोजी, पॅरिसमध्ये काही विद्यार्थ्यांनी सुरू केली. फ्रेडरिक ओझनाम त्या दिवशी बरोबर वीस वर्षांचे झाले. कायद्याच्या शिक्षणासाठी ते पॅरिसला आले होते आणि काही काळ आंद्रे-मारी अ‍ॅम्पिअर यांच्या घरी राहिले होते. विजेच्या प्रवाहाचे एकक ज्यांच्या नावाने आपली मुले शाळेत घोकतात, तेच हे शास्त्रज्ञ. आदल्याच वर्षी पटकीच्या साथीने पॅरिसमध्ये अठरा हजारांहून अधिक बळी घेतले होते. गरीब वस्त्या उजाड झाल्या होत्या. ओझनाम आणि त्यांचे मित्र एका वादसभेत ख्रिस्तसभेच्या इतिहासाची थोरवी सांगत असत. तेथे विरोधकांनी त्यांना विचारले, की तुमच्या धर्माने पूर्वी पुष्कळ केले हे मान्य. आज तुम्ही काय करता?

या प्रश्नाला वक्तृत्वाने उत्तर देता आले असते. त्या मुलांनी जळाऊ लाकूड उचलले. ओझनाम आणि त्यांचा एक मित्र आपल्या खोलीतील उरलेले सरपण घेऊन एका गरिबाच्या घरी गेले, असे सांगतात. पुढे सहा विद्यार्थी आणि एमान्युएल बाय्यी नावाचे चाळिशीचे एक पत्रकार अशी सात माणसे जमली. गरिबांच्या घरी कसे जावे याचा त्यांना अनुभव नव्हता; म्हणून बाय्यी यांनी त्यांना मुफ्तार भागात काम करणाऱ्या सिस्टर रोझली रांद्यू यांच्याकडे पाठवले. त्या संत विन्सेंट यांनीच स्थापलेल्या संघातील धर्मभगिनी. कोणत्या जिन्याने चढायचे, कोणत्या दारावर थाप द्यायची, हे त्या मुलांना त्यांनी शिकवले. ओझनाम यांना १९९७ साली आणि सिस्टर रोझली यांना २००३ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी धन्यवादित घोषित केले. विद्यापीठात शिकणाऱ्या तरुणांची गुरू एक धर्मभगिनी होती, हे आम्हाला त्या घोषणांइतकेच मोलाचे वाटते.

संस्थेची रचना आज जगभर साधारण एकच आहे. धर्मग्रामातील मूळ घटकाला ‘कॉन्फरन्स’ म्हणतात; त्या विद्यार्थ्यांच्या वादसभेचे नाव तसेच पुढे चालत आले. अनेक कॉन्फरन्सची मिळून एक परिषद, तिच्यावर धर्मप्रांताची, मग राष्ट्राची, आणि शेवटी पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय महापरिषद. सुमारे दीडशे देशांत हा पसारा आहे. अध्यक्ष प्रापंचिकच असतो. धर्मगुरू अथवा धर्मभगिनी आध्यात्मिक मार्गदर्शक असतात. पण हा मनोरा खालून वर पाहण्याऐवजी वरून खाली पाहिला, तर त्याच्या तळाशी दोन माणसे एका दारासमोर उभी असलेली दिसतात. बाकीचे सारे त्यांच्यासाठी आहे. दोघांनी जायचे, घरी जायचे, आणि बैठकीच्या शेवटी सभासदांमध्येच एक थैली फिरवायची, जिच्यात कोणी किती टाकले हे कोणालाच कळू नये. उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू न देण्याची शुभवर्तमानातील शिकवण इतक्या सहजपणे कारभारात उतरलेली आम्ही अन्यत्र पाहिलेली नाही.

१८३४ च्या डिसेंबरात सभासद शंभरावर गेले, तेव्हा मंडळाचे लहान गट पाडावेत असे ओझनाम यांनी सुचवले. मित्र दुखावले, सभा तापल्या. मैत्रीने जमलेली माणसे पांगवायची कशाला, असा त्यांचा सवाल होता. पुढल्या वर्षी विभागणी झालीच. शंभर माणसांच्या सभेत भाषणे होतात. बारा माणसांच्या बैठकीत कोणत्या घरी दूध पोहोचले नाही, हे विचारता येते.

या कामावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो घेणारे सगळेच धर्माचे वैरी नसतात. पिशवीभर तांदूळ देऊन तुम्ही अन्यायाला टेकू देता, असे ते म्हणतात. मजुराला रास्त मजुरी मिळाली तर त्याला तुमची पिशवी लागणार नाही. आक्षेप खरा आहे. ओझनाम यांना तो आपल्याही आधी उमगला होता. लियोंमध्ये कायद्याचे प्राध्यापक असताना १८४० च्या सुमारास त्यांनी आपल्या व्याख्यानांत न्याय्य वेतनाचा प्रश्न मांडला. पोप लिओ तेरावे यांचे कामगारांविषयीचे परिपत्रक १८९१ साली निघाले, म्हणजे त्यानंतर अर्ध्या शतकाने. १८४८ च्या क्रांतीत त्यांनी नियतकालिक काढून गरिबांची बाजू घेतली. त्यांना मात्र एक गोष्ट वेगळी दिसली. मजुरांविषयी बोलणाऱ्या अनेकांनी मजुराची खोली पाहिलेली नव्हती. ओझनाम यांच्या न्यायविचाराला त्या जिन्यांची धूळ लागलेली होती. न्याय येईपर्यंत दया, असा हा हिशेब नव्हे. दयेने घरात नेले म्हणून न्यायाचा प्रश्न दिसला, असा आहे.

आता आमच्या आजींविषयी. आमच्या धर्मग्रामात पूर्वी दोघेदोघे सभासद तांदूळ, तूरडाळ, तेल घेऊन घरोघर जात. पुढे घरांची संख्या वाढली. सभासदांपैकी निम्मे लोकलने मुंबईला जाणारे, उरलेल्यांचे गुडघे दुखणारे. तेव्हा आम्ही सोय काढली. महिन्याच्या पहिल्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सभागृहात धान्य वाटायचे. प्रत्येकाला कार्ड दिले, वहीत सही घेऊ लागलो. काम दीड तासात उरकू लागले. हिशेब इतका चोख राहू लागला, की वरून तपासणीला आलेल्यांनी आमचे कौतुक केले, आणि ते आम्हाला आवडले, हेही येथे लिहून ठेवतो.

वाडीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या या आजी तीन महिने आल्या नाहीत. वहीत त्यांच्या नावापुढे तीन रकाने कोरे राहिले आणि खजिनदारांनी त्यांचे धान्य ‘शिल्लक’ म्हणून नीट नोंदवले. कोणाला काही खटकले नाही. नियम पाळले जात होते ना! चौथ्या महिन्यात आम्ही दोघे सहज गेलो. लाल लुगडे नेसलेल्या आजी ओट्यावर बसल्या होत्या, चांगल्याच वाळलेल्या. आम्हाला पाहून त्यांनी विचारले, ‘‘कार्ड परत न्यायला आलात का, बाबा?’’ मग हळूहळू कळले. त्यांच्या नातीची सोयरीक जुळत होती, आणि मुलाकडची माणसे त्याच दुसऱ्या मिस्साला येत. रांगेत उभी असलेली आपली आजी त्यांच्या दृष्टीस पडावी, हे नातीला नको होते. आजींना तर त्याहून नको होते. तीन महिने त्या एक वेळच जेवत होत्या.

बैठकीत हे सांगितल्यावर एक जुने सभासद म्हणाले, ‘‘खरी गरज असेल तर लाज आड येत नाही.’’ त्यांचे हे वाक्य आम्ही पुष्कळ दिवस मनात घोळवले. ते गृहस्थ कठोर नाहीत. पावसात छत्री न घेता लोकांकडे धावणारे आहेत. तरीही वाटते, की गरज सिद्ध करण्यासाठी माणसाने आधी लाज सोडून दाखवावी, अशी अट आम्ही कोणत्या अधिकाराने घालतो? लाज हीच त्या आजींची उरलेली मालमत्ता होती. तीच आम्ही धान्याच्या बदल्यात मागत होतो, आणि तेही वहीत सही घेऊन.

मग घरोघर जाणे पुन्हा सुरू केले म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. चाळीत राहणाऱ्या एका कुटुंबातील बाईंनी आम्हाला हात जोडून सांगितले, ‘‘कृपा करून येऊ नका. तुम्ही पिशवी घेऊन आलात की साऱ्या चाळीला कळते.’’ तिच्यासाठी सभागृहातील गर्दीच बरी होती; गर्दीत कोणी कोणाकडे पाहत नाही, असे तिचे म्हणणे. एका घराचा आडोसा तो दुसऱ्या घराचा उघडेपणा! शेवटी एका दुकानदाराशी बोलून ठेवले. काही घरांचे सामान आता त्याचा पोऱ्या इतर गिऱ्हाइकांच्या सामानाबरोबर पोहोचवतो, आणि आम्ही वेगळ्या दिवशी, हात हलवत, पाहुण्यासारखे जातो. हे कोणत्याही नियमावलीत लिहिलेले नाही. नियम पाळायचा तर तो कशासाठी केला होता हे दर वेळी नव्याने शोधावे लागते, आणि त्या शोधात वेळ फार जातो.

प्रश्न विचारणाऱ्या त्या तरुणाला आम्ही अजून धड उत्तर दिलेले नाही. त्याला आजींच्या घराची जोडी दिली आहे. पहिल्यांदा गेला तेव्हा दहा मिनिटांत परतला आणि काय बोलावे ते सुचत नाही म्हणाला. दुसऱ्या खेपेस आजींनी त्याला कोरा चहा दिला आणि त्याच्या आजोबांच्या होडीची गोष्ट सांगितली, जी त्याला स्वतःला ठाऊक नव्हती. आमच्या यादीत आता एकेचाळीस घरे आहेत आणि फिरणारे सभासद चौदा, म्हणजे सात जोड्या. येत्या गुरुवारच्या बैठकीत घरांची वाटणी करायची आहे; वाडीपलीकडच्या सहा घरांना अजून कोणी मिळालेले नाही.