कुंपणाआतला परका

परदेशी नागरिकांसाठीचे स्थानबद्धता केंद्र आपल्या गावी व्हावे, असे कोणत्याही गावाला वाटत नाही. उद्या शासनाने वैनगंगेकाठी, आपल्या कारध्याच्या शिवारात अशा केंद्रासाठी जागा मागितली, तर ग्रामसभेत काय बोलले जाईल याचा अंदाज करणे कठीण नाही. हा प्रसंग कल्पनेतला असला, तरी अशक्य कोटीतला नाही. गोव्यात म्हापसा येथे मे २०१९ मध्ये असे केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी नवी मुंबईत नेरूळ येथे केंद्र होणार अशी चर्चा उठली. वर्षअखेर तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राज्यात असे केंद्र होऊ देणार नाही, अशी ग्वाही दिली. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मुंबईत केंद्र उभारण्याचा मानस व्यक्त केला. तेव्हा वेळ येण्यापूर्वीच श्रद्धावंतांनी या प्रश्नाचा शांतपणे विचार करणे बरे.

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. तुरुंग निराळा आणि स्थानबद्धता निराळी. तुरुंगातील माणूस गुन्ह्याची शिक्षा भोगतो आणि त्या शिक्षेला बहुधा मुदत असते. स्थानबद्ध माणूस केवळ परत पाठविले जाण्याची वाट पाहत असतो. त्याच्या देशाने ‘हा आमचा’ असे म्हटले नाही, तर ही वाट संपतच नाही. आसाममधील अशा केंद्रांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये, तीन वर्षे पूर्ण झालेल्यांना अटींवर सोडण्याची मुभा दिली. एप्रिल २०२० मध्ये ही मुदत दोन वर्षांवर आणली. न्यायालयाला असा हस्तक्षेप करावा लागला, यातच या प्रश्नाचे मर्म आहे.

ग्रामस्थांची भीती पाप नव्हे. जमीन, पाणी, लेकीबाळींची सुरक्षितता यांची काळजी वाहणे हे कुटुंबप्रमुखाचे कर्तव्यच होय. गोसीखुर्द धरणासाठी ज्यांनी घरदार सोडले, त्या भंडारा जिल्ह्यातील माणसांना शासनाने आधी विश्वासात घ्यावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. राष्ट्राला आपल्या सीमा राखण्याचा अधिकार आहे, हेही ख्रिस्तसभा नाकारीत नाही. समर्थ राष्ट्रांनी परक्याला शक्य तितका आश्रय द्यावा आणि परक्याने आश्रय देणाऱ्या देशाचे कायदे पाळावेत, अशी दुहेरी शिकवण तिच्या धर्मशिक्षणग्रंथात आहे.

परंतु ‘येथे केंद्र नको’ या एकाच वाक्यात दोन भिन्न भावना दडलेल्या असू शकतात. एक म्हणते, ‘गुन्हा नसता माणसाला अनिश्चित काळ कोंडणे अन्यायाचे आहे.’ दुसरी म्हणते, ‘ही माणसे आमच्या डोळ्यांसमोर नकोत.’ मोर्चात दोन्हींची घोषणा सारखीच ऐकू येते. सदसद्विवेकबुद्धीपुढे मात्र त्यांची फारकत होते. त्यांची पारख करण्याची एक सोपी कसोटी आहे. तेच केंद्र शेजारच्या जिल्ह्यात हलविले, तर आपला विरोध मावळेल काय? मावळत असेल, तर तो न्यायासाठी नव्हता. तो आपल्या सोयीसाठी होता.

कुंपणाआतला परका कधी काळी आपल्यापैकीच होता, याचा आपल्याला विसर पडतो. नगर जिल्ह्यातील कॅथोलिक धर्मग्रामांची पायाभरणी जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी केली. पहिले महायुद्ध पेटताच ते सरकारदरबारी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांच्यापैकी अनेकांना स्थानबद्ध करून पुढे मायदेशी धाडण्यात आले. ज्यांनी आपल्याला प्रार्थना शिकविली, त्यांच्याविषयीही कोणीतरी ‘हे धोकादायक’ असे म्हटलेच होते.

याच महाराष्ट्रात याहून निराळे चित्रही दिसते. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यात स्त्रिया व मुलेच अधिक होती. त्यांना शाळा मिळाल्या, उपासनेसाठी चर्च मिळाले. त्यांच्यामागून फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे तेथे आली आणि आजचे गांधीनगर वसले. आपल्या जवळचे उदाहरण गोठणगावचे. १९७२ साली तिबेटी निर्वासितांची वसाहत तेथे वसली, तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यातच होता. १९९९ मध्ये तो गोंदियात गेला. परक्यांना जागा दिल्याने या मुलखाचे काही बिघडल्याचे दिसत नाही.

पोप बारावे पायस यांनी १९५२ मध्ये स्थलांतरितांविषयीच्या आपल्या लेखात, मिसर देशी पळून गेलेल्या नाझरेथच्या पवित्र कुटुंबाला सर्व निर्वासितांचा आदर्श म्हटले. योसेफ, मरिया आणि तान्हा येशू यांच्यापाशी कोणती कागदपत्रे होती, असे कोणी विचारले असते, तर आपण काय उत्तर दिले असते? अंतिम न्यायाच्या वेळी प्रभू आपल्याला दोन गोष्टी एकाच दमात विचारणार आहे, असे संत मत्तय सांगतो: परक्याला घरात घेतले काय, आणि बंदिवानाची भेट घेतली काय? स्थानबद्धता केंद्रात हे दोघे एकाच माणसाच्या रूपाने बसलेले असतात.

म्हणून असे केंद्र कोठेही होऊ घातले, तर त्या धर्मग्रामाने विरोध करावा अथवा न करावा. मात्र तो कोणासाठी करीत आहोत, हे आधी स्वतःला विचारावे. अन्यायाविरुद्ध असेल तर निर्भयपणे बोलावे, आणि केंद्र दूर गेले तरी बोलणे थांबवू नये. केंद्र झालेच, तर त्या भिंतीपलीकडे कोण आहे, कोणाची मुले आहेत, कोण आजारी आहे, कोणाची सुटका रखडली आहे, हे जाणून घेण्याचे पहिले दायित्व शेजारच्या धर्मग्रामाचे राहील. दूरच्यांना न पाहण्याची सबब असते; शेजाऱ्याला ती उरत नाही.