इंद्रियांना सोसेल असे शहर

अपंगांसाठी शहराने काय करावे असा प्रश्न निघाला की आपल्या डोळ्यांपुढे चाकांच्या खुर्चीसाठी बांधलेला उतार येतो, आणि तो येणे उचितच आहे. परंतु हातपाय धडधाकट असूनही ध्वनिवर्धकाचा कर्कश नाद, डोळ्यांवर येणारा झगझगीत प्रकाश, परक्या हाताचा स्पर्श आणि केव्हा संपेल याचा अंदाज नसलेली रांग ज्यांना असह्य होते, अशा मुलांच्या आणि प्रौढांच्या वाटेतील अडसर कोणत्याही अभियंत्याच्या नकाशात उतरत नाही. स्वमग्नतेत इंद्रियसंवेदना अतितीव्र किंवा अतिमंद असू शकतात, ही गोष्ट अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत निकष म्हणून नोंदवली; आईबापांना ती त्यापूर्वीच पुरती ठाऊक होती. शिवाय एक जण कान दाबून धरतो, तर दुसरा मुद्दाम घंटेजवळ जाऊन उभा राहतो. तेव्हा सर्वांना एकच उपाय लागू पडेल ही आशाही व्यर्थ आहे.

कायद्याने या माणसांची दखल घेतलेली आहे. १९९५ च्या अधिनियमात स्वमग्नतेचा उल्लेखही नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने मात्र तिचा समावेश एकवीस प्रकारांच्या यादीत केला आणि कलम २९ अन्वये सांस्कृतिक जीवन व करमणूक हाही हक्काचा विषय ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सुगम्यतेची मानके केवळ शिफारशीवजा न राहता बंधनकारक असली पाहिजेत असा निर्वाळा दिला. प्रश्न उरतो तो अंमलबजावणीचा, आणि ती दप्तरात होत नसून दारावर होत असते.

माझ्या परिचयातील एका बाईंचा मुलगा चोवीस वर्षांचा आहे. पुण्यातील एका चित्रपटगृहाच्या प्रवेशद्वाराशी पुरुषांची रांग वेगळी, स्त्रियांची वेगळी. ‘मॅडम, तुम्ही त्या लाइनीत या’, असे पहारेकरी म्हणतो, आणि ज्याला अनोळखी स्पर्शाने धडकी भरते असा तो तरुण, आईचा हात सुटताच, झडतीसाठी एकटा उभा राहतो. आत गेल्यावर स्वच्छतागृहाचा पेच निराळाच: मुलगा लहान होता तेव्हा तो आईबरोबर निःसंकोच जात असे, आता दोन्ही दारे त्या दोघांना मिळून बंद आहेत, आणि तो एकटा गेला तर हात वाळवणारे यंत्र अकस्मात घोंघावू लागते. पडद्यावरचे चित्र सुरू होण्यापूर्वीच त्याची सहनशक्ती संपलेली असते. लहान मुलांसाठी थोडीफार तजवीज कोणी ना कोणी करतो. मूल प्रौढ झाले की समाजाची अनुकंपा ओसरते आणि गरज मात्र तेवढीच राहते, ही मला या विषयातील सर्वांत दुःखदायक बाब वाटते.

मग जावे कोठे? माझे मत असे की, स्थळापेक्षा वेळेचा विचार अधिक करावा. वेताळ टेकडीवर भल्या पहाटे जे समाधान लाभते ते रविवारी उन्हे वर आल्यावर लाभत नाही. एम्प्रेस गार्डनमधील जुन्या वृक्षांची गर्द सावली आडवारी जितकी सुखद, तितकीच ती जानेवारीतील पुष्पप्रदर्शनाच्या गर्दीत दुर्लभ. राजा दिनकर केळकर संग्रहालयात शाळांच्या सहली नसतील अशा दिवशी जावे. एकाच जातीच्या वस्तू ओळीने न्याहाळण्यात रमणाऱ्या माणसाला तेथील अडकित्ते आणि दिवे कितीतरी वेळ धरून ठेवतात. प्रत्येक अडकित्त्याची घडण निराळी, काम मात्र तेच. सामान्य प्रेक्षक ज्या कपाटापुढून पाच पावलांत निघून जातो, तेथे असा रसिक अर्धा तास उभा राहिला, तर त्याला ‘पुढे सरका’ म्हणण्याचे काहीच कारण नाही.

नाट्यगृहाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. अमेरिकेत मेरीलँडमधील एका चित्रपटगृहाने २००७ साली एका आईच्या विनंतीवरून दिवे अंशतः चालू ठेवून, आवाज उतरवून खेळ लावला; २०११ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ‘द लायन किंग’चा स्वमग्न प्रेक्षकांसाठी खास प्रयोग झाला. सुधा करमरकरांनी १९५९ साली ज्या बालरंगभूमीचा पाया घातला, तिचा वारसा सांगणाऱ्या आपल्या नाट्यसंस्थांना हे अशक्य का असावे? तिसरी घंटा हलकी करावी, अंधार पुरता करू नये, मध्येच उठून बाहेर जाण्याची आणि परत येण्याची मुभा द्यावी, एवढेच करावयाचे आहे. असा वेगळा प्रयोग म्हणजे वेगळे पाडणे होय, हा आक्षेप मी क्षुल्लक मानीत नाही. परंतु ज्याने आजवर नाटकच पाहिले नाही, त्याला आधी एक नाटक पाहू द्यावे, आणि त्या प्रयोगात जे साधले त्यातील शक्य तेवढे नेहमीच्या प्रयोगांत आणावे, हाच त्यावरचा तोडगा मला दिसतो.

दरवर्षी ३ डिसेंबरला अपंग दिनानिमित्त होणारे समारंभ या दृष्टीने तपासून पाहावेत; ज्यांच्यासाठी मंडप घातला त्यांतील कित्येकांना तेथील ध्वनिवर्धकामुळेच पळ काढावा लागत असेल, तर तो खर्च अन्यत्र वळवणे श्रेयस्कर. त्यातून महापालिकेने आपल्या प्रत्येक उद्यानाची, संग्रहालयाची आणि नाट्यगृहाची माहिती सिद्ध करावी: गर्दी केव्हा असते, मोठा आवाज कोठे होतो, शांत खोली कोणती, सोबत्यासह वापरता येईल असे स्वच्छतागृह आहे की नाही. ही माहिती अशा प्रौढांना व त्यांच्या पालकांना विचारून तयार व्हावी आणि घरून निघण्यापूर्वी मिळावी. दारावरचे पहारेकरी बहुधा कंत्राटी असतात व वरचेवर बदलतात. म्हणून सोबत्याला बरोबर सोडण्याचा हुकूम तोंडी न ठेवता लेखी काढावा, आणि नवा माणूस कामावर रुजू होईल त्या दिवशी तो त्याला वाचून दाखवण्याची जबाबदारी व्यवस्थापकाच्या नावे नोंदवावी.