दुसऱ्या पालवीपर्यंत

चि. बाळास,


इंदापूरच्या त्या जुन्या वाड्याची भिंत उतरवताना गवंडी जे वडाचं रोप तोडून टाकणार होते, ते तू मालकांना विचारून, मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळून बारामतीला नेलंस, हे ऐकून फार बरं वाटलं. (विचारून नेलंस याचं मला नवल नाही, सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यातून तू कधी काडीही उचलणार नाहीस, हेही मला ठाऊक आहे.) आता त्याची पानं पिवळी पडून गळताहेत, आणि बोन्साय व्हायच्या आधीच ते हातचं जाईल म्हणून तू रोज नखाने साल खरडून पाहतोस, असं तुझी आई फोनवर सांगत होती. अरे, एकदा खरडलंस, आत हिरवं दिसलं, पांढरा चीक आला, तेव्हाच कळलं की जीव आहे. मग रोज नवी जखम कशाला?

पानं का गळतात ते नीट समजून घे, म्हणजे निम्मी काळजी तिथेच मिटेल. भिंतीतल्या वडाची मुळं चुन्याच्या सांध्यांतून ओल शोधत लांबवर जातात, आणि पाणी ओढणारी बारीक तंतुमुळं त्यांच्या पार टोकाला असतात. ती भिंतीतच तुटून राहिली. आता पाणी कमी येतंय म्हटल्यावर झाड पानं टाकून खर्च आवरतं. शहाण्या घरात असंच करतात.

तू ज्या जुनिपरच्या चित्रफिती बघतोस त्यांची रीत निराळी, ती वडाला जशीच्या तशी लावू नकोस. जपानात शिकोकू बेटावरच्या इशिझुची पर्वतावरून लोकांनी कड्यातली जुनिपर काढून आणली, त्यांची बोन्साय आजही नावाजली जातात. पण जुनिपर आतून मेलं तरी कित्येक आठवडे हिरवंच दिसतं, आणि त्याच्या एखाद्या फांदीवरची सगळी हिरवळ काढली तर ती फांदी बहुधा पुन्हा फुटत नाही. आपला वड याच्या अगदी उलट, पार ओका-बोका होऊनही जुन्या खोडातून डोळे काढणारा. दोघांत सारखं आहे ते एवढंच, की जागेवरून उपटलेल्या झाडाला पहिलं वर्षभर कुणी आकार द्यायला जायचं नाही. तार नको, कात्री नको, आणि मुळं धरली का ते बघायला उपसून पाहणं तर मुळीच नको.

कुंडीही विकत आणू नकोस. घरातलं जुनं घमेलं घे, तळाला चार भोकं पाड. आपली काळी माती त्यात घालू नकोस, ती पाणी धरून बसते आणि वाळली की भेगाळते. चाळलेला मुरूम, विटांचे बारीक तुकडे आणि मूठभर जुनं कुजलेलं शेणखत, एवढं पुरे. खोड सुतळीने घमेल्याला आवळून बांध, कारण वाऱ्याने ते हललं की नुकती फुटलेली केसासारखी मुळं तुटतात, आणि वरून आपल्याला काही कळतही नाही. ठेवायचं ते कडुनिंबाखाली, घरात नाही.

पाण्याचं मात्र जरा सविस्तर सांगतो. आपल्या भागात पाऊस कमी, म्हणून पाणी दिसलं की द्यावं, ही सवय हाडीमाशी खिळलेली. नीरा डावा कालवा १८८५च्या सुमारास आला, आणि पाण्याला वाट न ठेवता लोकांनी भरमसाट पाणी दिल्यानं पंचवीस वर्षांत खालच्या अंगाच्या चांगल्या जमिनींवर पांढरं मीठ फुटू लागलं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनी १९१०मध्ये नीरा खोऱ्यातल्या या क्षारपड जमिनींवर एक आख्खी पुस्तिकाच लिहिली. तेच मीठ तुझ्या घमेल्याच्या काठावर बोअरच्या पाण्याने पांढरं धरेल. म्हणून पत्र्यावरून पडणारं पावसाचं पाणी पिंपात साठव. पहाटे लवकर उठ (तू उठतोसच), दोन पेरं बोट मातीत घाल, ओल लागली तर झारी तशीच ठेव. ऊसवाले वाफसा येण्याची वाट बघतात ना, तसंच इथेही.

मातीत घातलं तेवढं सोडून खताची तर घाईच नको. तापातून उठलेल्या माणसाला आपण पेज देतो, पुरणपोळी नाही.

आणि आता मला खरी काळजी आहे ती सांगतो. आषाढात कधीतरी फांदीच्या टोकाला तांबूस, टोकदार कोंब दिसेल, त्याचं आवरण गळून पडेल, आत मऊ, तांबूस झाक असलेलं पान असेल, आणि तुला वाटेल, झालं, जगलं! तिथेच थांब. ती पहिली पालवी बऱ्याचदा खोडात साठवलेल्या शिदोरीवर फुटते, मुळांचा तिच्यात काही हातभार नसतो, आणि शिदोरी संपली की ती कोमेजतेही. ती पानं पूर्ण उघडून, जाड, गडद होऊन, तिच्यावर दुसरी पालवी आली, म्हणजे खाली मुळं कामाला लागली असं समज. मग चिमूटभर शेणखत वरून पसर. पहिली कात्री पुढच्या ज्येष्ठात. वटपौर्णिमा झाली की, बरं का, कारण तुझ्या आजीने त्या दिवशी फांदी तोडून आणायच्या ऐवजी तुझंच झाड पुजायचं आधीच ठरवून टाकलंय.

गणपतीला येशील तेव्हा चाळलेल्या मुरमाचं एक पोतं बांधून ठेवतो, ते घेऊन जा. झाड मात्र इकडे आणू नकोस. एसटीच्या धक्क्यांनी सुतळी कितीही आवळली तरी खोड हलेलच.

तुझे,
आजोबा